लिंकभाऊ

आखाडा बाळापुरात हिंगोली-नांदेड रस्त्यावरून आत वळलात, की आमच्या गल्लीतल्या एका दारावर खडूनं लिहिलेलं दिसेल : 'टेस्ट चालू आहे. कडी वाजवू नये. हाका मारू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'दूधवाल्यानं पातेलं ओट्यावरून घ्यावं.' ते घर लिंकभाऊचं. वरची सूचना त्याची, खालची त्याच्या आईची.

रेशनकार्डावरचं त्याचं नाव वेगळं आहे, पण आजी सोडली तर ते आता कुणी घेत नाही. कारण भेटला की तो 'राम राम'च्या ऐवजी "काका, लिंक आली" असं म्हणतो. नाही तर "लिंक आज रात्री येणार." नाही तर, फार उदास असेल तेव्हा, "लिंक एक्सपायर झाली." वय विचारलं तर लगेच सांगत नाही. "कोणत्या तारखेला धरून?" असं विचारतो. जाहिरातीत वयाची अट कोणत्या ना कोणत्या तारखेला धरूनच असते. त्यामुळं माणसाला एकच वय असतं यावर त्याचा विश्वास उरलेला नाही.

शिक्षण बीएस्सी. शिवाय एमएस-सीआयटी. शिवाय टायपिंग, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. ही सगळी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या एका फाइलमध्ये, आणि फाइल उशीखाली. पण हे सगळं शिकलास हे खरं कशावरून, असं विचारणारी एक नवी जमात आता निघाली आहे. ती पुण्यात किंवा बंगळुरूत बसते आणि बाळापूरला लिंक पाठवते. अठरा हजारांच्या नोकरीसाठी दोन-अडीच तासांची परीक्षा : आधी गणित, मग इंग्रजी, मग आकृत्यांची कोडी, मग संगणक, आणि शेवटी स्वभाव. एका जागेला हजारोंनी अर्ज येतात, ते वाचायला माणसं नाहीत, म्हणून यंत्रानं चाळायचे, एवढाच त्यातला हिशेब. चाळणीतून खाली पडणाऱ्याचा दिवस जातो तो कुणाच्याच खात्यात धरला जात नाही.

लिंक आली की घरात वेगळंच राज्य सुरू होतं. कुकर लावायचा नाही, शिट्टी मायकात जाते. मिक्सर बंद. वडिलांनी खोकायचं असेल तर गोठ्यात जायचं. शेजारच्या गिरणीवाल्याला आदल्या दिवशी जाऊन सांगायचं, आणि तो बिचारा दळण एक तास पुढं ढकलतो. लाइट जाणार नाही ना, म्हणून वायरमनला फोन, तो म्हणतो, "आत्ताच कसं सांगू?" लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली, म्हणून इन्व्हर्टर. वायफायचा भरवसा नाही, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि मोबाइलला रेंज फक्त माळवदावरच्या खोलीत, जिथं हळदीची पोती असतात.

टेस्टच्या आधी लॅपटॉप उचलून सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवावी लागते. कुणी लपून उत्तरं सांगत नाही ना, ते पाहायला. लिंकभाऊ हे काम वास्तुशांतीच्या गंभीरपणानं करतो. ही पोती, हा पत्र्याचा डबा, हा फवारणीचा पंप, ही दाराची कडी. एकदा एवढं सगळं करूनही पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला : खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आहे. हा घाबरून चारी बाजूंना बघतो, तर कुणी नाही. पुन्हा इशारा. तिसऱ्यांदा आला असता तर परीक्षाच बंद. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, मागच्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. संध्याकाळी ही हकिगत ऐकून आजी म्हणाली, "माय! एवढ्या वरसांनी कुणाला तरी दिसले म्हणायचे." त्या दिवसापासून टेस्टच्या वेळी आजोबांचं तोंड भिंतीकडं असतं.

गणिताचं त्याला काही वाटत नाही. दोन नळ आणि एक गळकी टाकी त्याच्या हातचा मळ आहे. त्याचा छळ होतो तो स्वभावाच्या भागात. तिथं प्रश्न नसतात, नुसती विधानं असतात. आपण 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत कुठंतरी टिचकी मारायची. 'मला एकट्यानं काम करायला आवडतं.' मारली सहमतवर. पुढं साठेक विधानांनंतर अचानक : 'मला इतरांबरोबर काम करायला आवडतं.' आता काय करायचं? दोन्हीला हो म्हटलं तर खोटारडा, दोन्हीला नाही म्हटलं तर आळशी. तो रात्री आमच्या ओट्यावर येऊन सल्ला मागतो.

"काका, 'मी पार्टीत अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलतो', ह्याला काय द्यावं?"

मी म्हटलं, "बोलतोस का?"

"अनोळखी माणूस आणू कुठून? बाळापुरात कोण अनोळखी हाय?"

खरंच आहे. इथं एसटीतून उतरलेला नवा माणूससुद्धा चौकात पोचेपर्यंत कुणाचा तरी मेव्हणा निघतो. आणि पार्टी म्हणजे काय, तर बारशाची पंगत. तिथं स्वतःहून बोलायचा प्रश्नच नाही, वाढणारे बोलू देत नाहीत.

अशा प्रश्नांची खोड काही आजची नाही. १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, अमेरिकेनं फौजेतल्या लोकांसाठी आर्मी अल्फा नावाची चाचणी काढली. ती आणि निरक्षरांसाठीची तिची बहीण आर्मी बीटा मिळून सुमारे सतरा लाख माणसं तपासली. त्यात अक्कल मोजायला एक प्रश्न असा होता : क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिथलं डब्यातलं वनस्पती तूप. ज्याच्या घरी तो डबा आला नाही, तो मंदबुद्धी. हे लिंकभाऊला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. खिशातून वही काढून त्यानं 'क्रिस्को – तूप' असं टिपून घेतलं. "येऊ शकतंय काका."

अलीकडं कंपन्या खेळही खेळायला लावतात. पडद्यावर फुगा असतो, टिचकी मारली की फुगतो, फुगेल तसे पैसे वाढतात, आणि फुटला की सगळे गेले. यावरून म्हणे माणसाची जोखीम घ्यायची तयारी कळते. वडिलांनी खिडकीतून हे पाहिलं आणि खाली येऊन बायकोला म्हणाले, "एवढं शिकविलं, आन् पोरगं वर बसून फुगे फुगवूलालंय." त्यांनी स्वतः त्या साली सेलमचं महाग बेणं घेऊन दोन एकर हळद लावली होती. नऊ महिने पीक जमिनीखाली, आणि भाव काय लागेल ते वसमतच्या बाजारात पोचेपर्यंत देवालाही ठाऊक नाही. मुलाचा जोखमीचा गुण 'मध्यम' आला. बापाची टेस्ट कुणी घेतली नाही.

सरकारी परीक्षांचंही त्याला वावडं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यातला एक याचा. फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. बाप काही न बोलता पैसे देतो आणि त्या दिवशी चहाला साखर कमी घालायला सांगतो. सेंटरला जाताना वारंगा फाट्यावर उतरून खिचडी खाल्ल्याशिवाय लिंकभाऊचा पेपर चांगला जात नाही. येताना तीच खिचडी दुःख विसरायला. जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा दोनशेपैकी २१४ गुण पडलेलाही एक उमेदवार निघाला. वेगवेगळ्या पाळ्यांचे पेपर सोपे-अवघड, म्हणून गुण समान पातळीवर आणायचं सूत्र लावलेलं, त्यातून ही किमया. सगळा महाराष्ट्र त्या आकड्यावर हसत नाही तर चिडत होता. लिंकभाऊ मात्र आमच्या ओट्यावर बसून दोन तास ते सूत्र मला समजावत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर हाय काका. गणितानं बरोबर हाय." मला ते गणित कळलं नाही, पण स्वतःला पाडणाऱ्या गणिताची एवढ्या मनापासून वकिली करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आमच्याकडं जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का, दहा-बारा मिनिटांनी आणखी एक लहान. भांडी पडली, पत्रे वाजले, सगळं गाव रस्त्यावर. कुणी लेकरू उचललेलं, कुणी म्हशीचं दावं सोडलेलं, एक जण नुसता टीव्हीचा रिमोट घेऊन. लिंकभाऊ बनियनवर, काखेत लॅपटॉप, दुसऱ्या हातात चार्जर. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "बरं झालं, टेस्ट दहाला हाय."

दहा वाजता कुणी घरात जायला तयार नव्हतं. बाया अंगणात चूल मांडून बसलेल्या. हा वर गेला. आईनं खालून हाका मारल्या, तर यानं खिडकीतून नुसता पंजा दाखवला, बोललं तर माइकात जाईल. पुढं त्यानंच सांगितलं, त्या दिवशीच्या स्वभावाच्या भागात एक विधान होतं : 'अनपेक्षित परिस्थितीत मी शांत राहतो.'

"मग काय दिलंस?"

"तटस्थ दिलं. जास्त शांत दिलं तर खोटं वाटतंय त्यान्ला."

त्याच्या बापाला एकदा पर्सेंटाइलनं फसवलं. 'तुम्हाला ९२ पर्सेंटाइल' असा मेल आला, आणि बाप्यानं किलोभर पेढे आणून गल्लीत वाटले. शंभरात ब्याण्णव म्हणजे पास, यात कुणाला काय शंका? लिंकभाऊनं बसून समजावलं : शंभर पोरं उभी केली तर ब्याण्णव आपल्या मागं. बाप म्हणाला, "मग पुढं आठच राहिले की! जागा किती हायेत?" जागा एक होती. आठ दिवसांनी दुसरा मेल आला : आपली माहिती भविष्यातील संधींसाठी आम्ही जपून ठेवू. बापानं तो दोनदा वाचून घेतला. "जपून ठिवा म्हणावं. पर पावती द्या. वखारीत हळद ठिवली तर पावती देतेत."

माझं डोकं फिरलं ते एका 'असाइनमेंट'च्या वेळी. एका कंपनीनं टेस्ट झाल्यावर आणखी एक काम दिलं : ग्रामीण ग्राहकांपर्यंत आमचा माल कसा पोचवाल, याचा सविस्तर आराखडा करा, मुदत तीन दिवस. हा पोरगा तीन दिवस बाळापूर-कळमनुरीची दुकानं हिंडला, दुकानदारांशी बोलला, उधारी कशी चालते, सोयाबीनचे पैसे हातात कधी येतात, बाजाराच्या दिवशी कोणती पुडी खपते, सगळं रंगीत तक्त्यांत मांडून पाठवलं. असं काम करून घ्यायला शहरात पैसे मोजावे लागतात. यांना ते फुकटात घरपोच. उत्तर आलंच नाही. मी दोन-चार शिव्या दिल्या, तर हाच मला थांबवतो, "नाही काका, त्यान्लाबी लोड असतंय."

आता त्याची दुसरी बाजू सांगतो, म्हणजे गल्ली त्याला दळण का थांबवू देते ते कळेल. पीकविमा, ई-केवायसी, कुणाच्या पोरीचा कॉलेजचा प्रवेश, सगळे अर्ज त्याच्याकडून. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा दिवसा नारीशक्ती दूत ॲप हलायलाच तयार नसायचं. हा रात्री बारानंतर ओट्यावर बसायचा आणि बाया आधार कार्डं पदरात बांधून रांगेनं. कुणाचा अंगठा पुसलेला, कुणाच्या खात्याला आधार जोडलेलं नाही, कुणाचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा शेतात पाण्याच्या पाळीवर. एका म्हातारीनं कॅमेऱ्याकडं बघायचं म्हटल्यावर डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढला. यानं अर्धा तास तिच्याशी तिच्या माहेराच्या गप्पा मारल्या. बोलता बोलता पदर सुटला, तेव्हा फोटो काढला. एका पैशाला हात लावला नाही. फक्त प्रत्येकीला अर्ज भरून झाल्यावर म्हणायचा, "सबमिट झालं मावशी, स्क्रीनशॉट जपून ठिवा." ज्यांच्याकडं मोबाइल नव्हता त्यांनीही हो म्हटलं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. त्याच्या मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथला नोकर सोडून गेला, म्हणून मामा म्हणाला, "तुला लई पोरं माहीत हायेत, एखादं बघ." झालं. लिंकभाऊ दोन रात्री जागला आणि त्यानं लिंक तयार केली. तीन भाग, साठ प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं. भाग अ मध्ये युरियाच्या पोत्यांचा हिशेब, भाग ब मध्ये स्वभाव. 'गिऱ्हाईक उधारी मागतं तेव्हा मी शांत राहतो.' पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. लिंक गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. बावीस पोरांनी उघडली, भाग ब पर्यंत चार पोचले, शेवटपर्यंत एकही नाही.

आणि त्याच दुपारी दुकानासमोर खताचा ट्रक लागला. हमाल आले नव्हते. लिंकच्या संदर्भात काही विचारायला म्हणून आलेल्या एका पोरानं चप्पल काढून बाजूला ठेवली, शर्ट खोचला आणि पोती उतरवायला लागला. अंधार पडायच्या आत ट्रक रिकामा. मामानं त्याला चहा पाजला आणि उद्या आठला ये म्हणून सांगितलं.

लिंकभाऊ रात्री ओट्यावर आला तो तणतणतच. "ह्याला काय अर्थ हाय काका? त्यानं भाग ब सोडविलाच नाही!"