कासवाची मोजणी

वळसंगच्या आमच्या घरात धूळ वरून पडते. घर माळवदी आहे. खाली तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली पांढरी माती. आई सोपा झाडून माजघरात पोचते न पोचते तोच वरून मांजर जातं आणि सोप्यात पुन्हा चिमूटभर माती हजर. झाडणारे रोबो बनवणाऱ्या समस्त इंजिनिअरांनी मात्र धूळ ही जमिनीवरची वस्तू आहे असं धरलेलं असतं. मीही त्याच जातकुळीतला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ज्याने संसार सुखाचा केला त्या यंत्राचं दुसरं भावंड घेऊन दिवाळीला सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर एसटीतून उतरलो, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर नळयोजना आणणाऱ्या आमदाराचे भाव होते म्हणतात.

खोकं उघडल्यावर आईने त्या काळ्या चकतीकडे पाहिलं, वरची बुटकी टोपी बोटाने दाबून पाहिली आणि नाव ठेवलं, कासव. आमच्या देवळासमोर दगडाचं आहे, तेवढंच. फरक इतकाच, की दगडाचं कासव कुणाच्या भानगडीत पडत नाही.

घरात एकटाच इंजिनिअर असला की एक खोड लागते. कुणी विचारत नाही म्हणून आपणच सांगत सुटतो. आई शेंगा फोडत होती, आणि सामाईक भिंतीपलीकडचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, घोंगडी घेऊन आमच्या माजघरात येऊन टेकले होते. एवढा श्रोतृवृंद मला पुरतो. मी सुरुवात केली. 2002 साली अमेरिकेत आयरोबॉट कंपनीने रूम्बा आणला, त्याला घराचा नकाशा माहीत नव्हता. धडकायचं, वळायचं, पुन्हा धडकायचं. पुरेसा वेळ धडकत राहिलं की बहुतेक फरशी झाडून होते, हा त्यामागचा विचार. मग 2010 मध्ये नीटो कंपनीच्या यंत्राच्या डोक्यावर लेसरची टोपी आली. ती गरागरा फिरते आणि एका गिरकीत चहूबाजूंची अंतरं मोजून घेते. लेसरचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो, बाजूचा चिमुकला कॅमेरा तो किंचित तिरका पाहतो. भिंत जवळ असेल तर ठिपका जास्त सरकलेला दिसतो, लांब असेल तर कमी. त्या त्रिकोणावरून अंतर.

इथे मी थांबायला हवं होतं, पण मला लॅम्टन आठवला. विल्यम लॅम्टनने 1802 पासून मद्रासहून हिंदुस्थान मोजायला घेतला तो त्रिकोणांनीच, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहून नेत. मोजणी सुरू असतानाच 1823 मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला.

"मोजणीत माणूस जातंयच," अण्णा म्हणाले. त्यांचा बांधाचा दावा कोर्टात होता तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या डोळ्यांत 'मोजणी' या शब्दाने आलेली चमक तेव्हाच माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती.

मी पुढे गेलो. खरी गोम अशी, की नकाशा काढायचा तर आपण कुठे आहोत ते यंत्राला ठाऊक हवं, आणि कुठे आहोत ते कळायला नकाशा हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. यावरचा तोडगा म्हणजे दोन्ही एकदमच करायची. चाकं किती फिरली त्यावरून जागेचा अंदाज बांधायचा, लेसरने भिंती बघून तो सुधारायचा, सुधारलेल्या जागेवरून भिंती पुन्हा नीट मांडायच्या. नकाशा म्हणजे बारीक चौकटींचा कागद समजा. हान्स मोरावेक आणि आल्बेर्टो एल्फेस यांनी 1985 मध्ये ही तऱ्हा मांडली. प्रत्येक चौकटीत इथे काही असण्याची शक्यता किती, एवढाच आकडा. लेसर जिथून आरपार गेला ती चौकट मोकळी, जिथे अडला ती भरलेली, आणि जिथे पोचलाच नाही ती करडी.

"आणि झाडतं कधी?" आईने विचारलं.

बटण दाबलं. कासव माजघराच्या कडेने निघालं, टोपी फिरवत उंबऱ्यापाशी गेलं. असली बहुतेक यंत्रं जेमतेम दोन सेंटिमीटरचा अडथळा चढतात. आमच्या उंबऱ्यावर बसून आजी धान्य निवडायची. ते गुमान परतलं. मग अण्णांच्या घोंगडीपाशी येऊन एकदम दचकलं आणि मागे सरलं. दुसऱ्या बाजूने आलं, पुन्हा मागे. जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाशी अवरक्त किरणांचे डोळे असतात. प्रकाश फरशीवरून परत आला नाही की समोर खड्डा आहे असं ते समजतं. काळी लोकर प्रकाश गिळते. म्हणजे कासवाच्या लेखी अण्णा एका खोल विहिरीवर मांडी घालून बसले होते.

"मला घाबरतंय की रे," अण्णा खूश झाले. मी खुलासा केला नाही.

ज्वारीची पोती, पाटा आणि आई या तिन्हींची त्याने आपल्या परीने नोंद घेतली. आई हलली नसल्यामुळे ती नकाशात खांब झाली. ती उठून स्वयंपाकघरात गेल्यावर कासव खांबाच्या जागी येऊन घुटमळू लागलं. "गोल गोल फिरालंय नुस्तं, चक्कर आली असंल," म्हणत आईने ते उचलून देवघरात नेऊन ठेवलं. या प्रकाराला रोबोशास्त्रात अपहृत रोबोचा प्रश्न म्हणतात, आणि त्यावर विद्वानांनी रीतसर लिहिलेलं आहे. डोळे मिटून उचललेल्या माणसाला अनोळखी जागी ठेवलं तर तो जे करेल तेच यंत्र करतं, म्हणजे आजूबाजूच्या भिंती जुळवून पाहतं. आमचं देवघरात बराच वेळ जुळवत बसलं. आईला वाटलं, भक्ती.

संध्याकाळी नकाशा पुरा झाला. माझ्या फोनवर माजघर निळं, देवघर हिरवं, आणि माजघराच्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे चांगली ऐसपैस पिवळी खोली. यंत्राने आपणहून तिला नाव दिलं होतं, बेडरूम.

आमच्याकडे अशी खोली नाही. उत्तरेच्या भिंतीपलीकडे अण्णांचं माजघर आहे.

कारण माझ्या लगेच ध्यानात आलं. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही म्हणून आईचा उभा आरसा जमिनीवरच भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. लेसर आरशावर अडत नाही, उलटून आपल्याच खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागतो. यंत्राला वाटतं तो सरळ गेला. आरशातली खोली त्याने खरी धरली. हे मी हसत हसत सांगायला फोन वर केला, आणि तो अण्णांनी हातातून घेतला.

अमेरिकेत अशा नकाशांवरून गदारोळ झालेला आहे. 2022 मध्ये अ‍ॅमेझॉन आयरोबॉट विकत घ्यायला निघाली तेव्हा घराघरांचे आराखडे तिच्या हाती जातील अशी लोकांना धास्ती होती. 2024 च्या जानेवारीत तो सौदा मोडला. वळसंगात अ‍ॅमेझॉनची भीती कुणाला नाही. इथे नकाशा चुलत्याच्या हाती जायला नको एवढंच बघायचं असतं.

"आमच्या घरात तुझी खोली कशी आली बे?"

"ती खरी नाही अण्णा. आरशातली आहे."

"यंत्राला खोटं बोलायचं काय कारण?" ते म्हणाले. "तूच म्हणलास, लेसरनं मोजतंय."

मी चौकटी सांगितल्या, शक्यता सांगितली, परावर्तन सांगितलं. अण्णांनी भूमापनाचं आयुष्यभराचं ज्ञान काढलं. गावठाणाला सातबारा नसतो. नमुना आठच्या उताऱ्यात घर आहे, पण आतल्या भिंती नाहीत. सरकारने पुरंदरच्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजून बघितलं, 2020 मध्ये देशभर स्वामित्व योजना काढली, पण ड्रोनला वरून माळवदच दिसतं. आतून मोजणी झालेलं घर आख्ख्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आमचंच असणार, आणि त्या पहिल्याच मोजणीत पुतण्याचं अतिक्रमण उघड झालंय. "आणि भिंतीची जाडी कुठंय यात? दोन हात भिंत हाय."

ती करडी होती. लेसरला भिंतीचा पृष्ठभाग दिसतो, पोट नाही. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे भिंत बी खाल्ली."

दुसऱ्या दिवशी मी आरशावर सोलापुरी चादर टाकून नकाशा नव्याने काढला. पिवळी खोली गेली. चादरीच्या दशा मात्र कासवाच्या ब्रशात गेल्या आणि त्या आईच्या अडकित्त्याने कापाव्या लागल्या. तोच ताजा नकाशा घेऊन मी विजयी मुद्रेने पलीकडे गेलो.

"काल व्हती, आज नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणजे नकाशा फिरवलास. आता निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी मागतो मी. आमच्या बाजूनं."

नाही म्हणणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. यंत्र दिलं. जेवणं झाल्यावर काकी आमच्याकडे आली, सुनेला साडी नेसून बघायचीय म्हणाली आणि उभा आरसा मागून घेऊन गेली. मी स्वतः एका बाजूने धरला, सामाईक भिंतीला टेकवून ठेवला, सरळ राहावा म्हणून खाली दगडही लावून दिला. हुशार माणसाला मदत करायची हौस फार.

रात्री माझ्याच फोनवर नवा नकाशा आला. अण्णांचं माजघर, आणि दक्षिणेला आमच्या देवघरापर्यंत शिरलेली त्यांची लांबलचक बेडरूम.

अण्णांना मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत रंगीत हवी आहे. सकाळी सोलापूरला जाऊन ती काढून आणायचं काम माझ्याकडे आहे. आईने शेंगांचं टोपलं बाजूला सारून विचारलं, "तुझ्या त्या कासवात अपील कुठं करायचं असतंय रे?"