ब्लॉगकाका

निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्याबरोबर प्रत्येकाला एक सल्लाही मिळतो : 'आता लिहा!' देणाऱ्याला तो चहाच्या टेबलापर्यंतसुद्धा आठवत नाही. घेणारेही बहुतेक सगळे श्रीफळाची चटणी करतात, घड्याळ मेव्हण्याच्या वास्तुशांतीला खपवतात आणि सल्ला विसरतात. एखादाच तो घरी घेऊन जातो. तो पुढे ब्लॉगकाका होतो.

प्रत्येक सोसायटीत एक ब्लॉगकाका असतोच. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यामुळे त्यांनी ब्लॉग काढला नाही, ब्लॉगचा प्रकल्प हाती घेतला. आधी अंदाजपत्रक झालं. 'वर्डप्रेस फुकट मिळतं,' असं हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्यानं सांगितल्यामुळे काकूंनी शून्य रुपयांना प्रशासकीय मान्यता दिली. मग कळलं, की फुकट आहे ती नुसती प्रणाली. ती ठेवायची तर जागा भाड्यानं घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात. जागेचा पत्ता वेगळा घ्यावा लागतो, त्याला डोमेन म्हणतात. तो पत्ताही कायमचा मिळत नाही, ठरलेल्या मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. आणि पहिल्या वर्षाचा भाव गिऱ्हाईक आत ओढण्यापुरता असतो, हे दुसऱ्या वर्षी समजतं. दर वेळी काकूंकडे सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव गेला. खात्याच्या भाषेत 'सुप्रमा'. काकांनी नोकरीत धरणांच्या सुप्रमा पाहिल्या होत्या, पण काकूंइतक्या शंका मंत्रालयानंही काढल्या नव्हत्या.

'त्यापेक्षा गुगलच्या ब्लॉगरवर काढा, दमडी लागत नाही,' असंही कुणी सुचवलं. काका उसळले. 'म्हणजे माझ्या नावामागे जन्मभर ब्लॉगस्पॉटचं शेपूट? नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो तेवढं पुरे!'

मग नाव. अंतरंग, स्पंदन, कवडसा, झरोका, मनातलं काही... मराठी माणसाला सुचणारं प्रत्येक हळवं नाव दुसऱ्या कुठल्या तरी हळव्या मराठी माणसानं आधीच अडवून ठेवलेलं असतं, आणि तिथलं शेवटचं लेखन दहा वर्षांपूर्वीचं असतं. एखादं नाव मोकळं सापडलंच, तर ते इंग्रजीत लिहिताना 'ए' किती घालायचे यावर घरात दोन तट पडतात. २०१४ पासून देवनागरीतच 'डॉट भारत' असा पत्ता मिळतो हे कळल्यावर काकांचा स्वाभिमान जागा झाला. पण कट्ट्यावरच्या एकाच्याही मोबाइलवर मराठी कळफलक नाही, हे पाहून तो पुन्हा निजला. शेवटी 'पाझर' हे नाव ठरलं. हृदयाचाही पाझर आणि खात्याचा पाझर तलावही. काकू म्हणाल्या, 'धरणाला लागला की चौकशी होते, तोच ना?'

उभारणीचं काम पुतण्याकडे होतं. वर्डप्रेसवाले 'पाच मिनिटांत उभारणी' असं मिरवत आलेत, आणि पुतण्यानं रविवारी मटण शिजेपर्यंत खरोखरच ती उरकली. नंतरचे महिने काकांचे. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, म्हणून कुलदैवत, जन्मसाल आणि उद्गारचिन्ह अशी जुळणी झाली. ती विमा कंपनीच्या डायरीत 'प'च्या पानावर लिहून ठेवली. त्या पानावर आधीपासून पंपवाला, पेपरवाला आणि पेन्शनचा क्रमांक होता. चोराला कळू नये म्हणून काकांनी शेजारी फक्त 'ते' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात ते त्यांनाही कळेना, आणि 'पासवर्ड विसरलात?' या दुव्याशी त्यांचा जो घरोबा जमला तो आजतागायत टिकून आहे.

नव्या वर्डप्रेसमध्ये नमुन्यादाखल एक लेख आणि त्याखाली नमुन्याचीच एक इंग्रजी प्रतिक्रिया आयती येते. लेख पुतण्यानं काढला नव्हता. लिहायला सुरुवात करण्याआधीच वाचकाचं पत्र आलेलं पाहून काका गहिवरले. त्यांनी खाली सविस्तर उत्तर दिलं : 'आपला अभिप्राय पोचला. आभारी आहे. आपण मूळचे कुठले? घरी सर्वांस नमस्कार.' उत्तर न आल्यामुळे आठवड्यानं स्मरणपत्र क्रमांक एकही गेलं.

लेखनाचा प्रश्न अजून आलेला नव्हता, कारण रूपाचा सुटलेला नव्हता. थीम नावाचे तयार पोशाख हजारोंनी मिळतात आणि काकांनी ते एकेक अंगाला लावून पाहिले. माथ्यावर फोटो कुठला, यावर एक उन्हाळा गेला. शेवटी रायगडावर पाठमोरे उभे राहून क्षितिजाकडे पाहत असलेले काका निवडण्यात आले. 'माझ्याविषयी' हे पान त्यांनी स्वतःच, पण तृतीयपुरुषी लिहिलं. त्यात त्यांचं बालपण, संस्कार आणि सात बदल्या आल्या. एका थीमबरोबर 'लोरेम इप्सम' हा जागा भरण्याचा मजकूर आला होता. तो म्हणजे सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ सालच्या लॅटिन ग्रंथाची मोडतोड, तिला अर्थ असा उरलेलाच नाही. तेवढं पान काढायचं राहिलं आणि काकांनी दुवा ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तीन अंगठे आले आणि खाली एक ओळ : 'अप्रतिम, सर! मनाला भिडलं.'

यानंतर साहित्य चढवायला घेतलं, तर तेच उलटलं. काकांच्या कविता डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेल्या होत्या. त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवत. कागदावर मराठी दिसे, संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. 'पाझर'वर चिकटवताच 'आईची माया' या कवितेत कंस, टक्के आणि डॉलर उमटले. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तेव्हा सगळं पुन्हा टाइप करा, असं पुतण्यानं सांगितलं. काका एका बोटानं टाइप करू लागले. अर्धा र सापडेना. त्यामुळे त्यांच्या पहिल्या प्रवासवर्णनात सह्याद्रीला दऱ्यांऐवजी दर्या आहेत, आणि कोकणात गेलेले काका आधी घाटावरच समुद्र पाहून घेतात.

उद्घाटन गुढीपाडव्याला. झेंडूची माळ घातलेला लॅपटॉप, शेजारी समई, आणि काकांचेच जुने कार्यकारी अभियंता प्रमुख पाहुणे. होस्टिंग स्वस्तात मिळालं म्हणून काकांनी आदल्याच रात्री जागा बदललेली. बदललेला पत्ता जगभर पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. पाहुण्यांच्या हस्ते माउसची कळ दाबली गेली तेव्हा तो आमच्या सोसायटीपर्यंत आलेला नव्हता. पडद्यावर 'ही साइट उघडू शकत नाही' असा मजकूर आला. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, 'पाणी सुटायला वेळ लागतोच. कालव्याचं उद्घाटन मीही कोरड्यातच करायचो.' पेढे वाटले गेले.

पाणी सुटल्यावर काकांना एक नवा नाद लागला, तो आकड्याचा. पहाटे दूध घेण्याआधी ते वाचकसंख्या पाहतात. आपण स्वतः दिवसातून दहादा उघडतो तेही त्यात मोजलं जातं, हे त्यांना ठाऊक आहे, पण 'मी वाचक नाही का?' असा त्यांचा रोकडा सवाल असतो. अमेरिकेतून आणि सिंगापूरहून रोज भेटी येतात. पुतण्यानं समजावलं, की ही शोधयंत्रांची यंत्रं, पानं चाळून नोंदी करत फिरतात. साध्या काउंटरला माणूस आणि यंत्र यांतला फरक कळत नाही. काकांनी ते ऐकून घेतलं आणि कट्ट्यावर सांगितलं, 'आपलं लेखन परदेशात जास्त चालतं. इथे वाचनसंस्कृती राहिली नाही.'

मात्र दर नोव्हेंबरला आकडा खरोखर चढतो, आणि यंत्रांमुळे नव्हे. बार्शी, चिपळूण, परतवाडा अशा गावांहून हाडामांसाची माणसं येतात. काकांच्या मते हा त्यांच्या दिवाळी विशेष कवितांचा प्रभाव. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना आहे. एका वर्षी बँकेत रांग लावून वैतागलेल्या काकांनी तो मोबाइलवरून काढला आणि पुढच्या वेळी आपल्यालाच आठवावं म्हणून 'पाझर'च्या कोपऱ्यात टिपून ठेवलं : आधार आणि पीपीओ क्रमांक हाताशी ठेवावा, जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं, अशी दोन्ही ॲप आधी उतरवून घ्यावीत, खिडकीकडे तोंड करून बसावं, चष्मा काढावा, सांगितलं की डोळे मिचकवावेत, पत्नीला मागे उभं करू नये, ती हसते आणि आपण हलतो. एकही विशेषण नाही, एकही उसासा नाही. शोधणाऱ्याला हवं ते नेमकं सापडतं, म्हणून लोक येतात. खाली आशीर्वाद देऊन जातात, अंगठा उमटत नाही म्हणून विचारतात, आणि काका प्रत्येकाला जातीनं उत्तर देतात. हे सगळे खऱ्या नावागावाचे असल्यामुळे उलट उत्तरही येतं.

यंदा मात्र त्यांनी साफसफाई काढली. 'हे दाखल्याचं टिपण साहित्यात बसत नाही. ब्लॉगचा दर्जा उतरतो. काढून टाकतो.' पुतण्या गडबडला. खरं सांगावं तर कवितांचं काय, या पेचात तो पडला. भाजी निवडत बसलेल्या काकूंनी मान वर न करता निकाल दिला, 'राहू द्या ते. तुमच्या ब्लॉगच्या हयातीचा तेवढाच दाखला आहे.'

काका दोन मिनिटं गप्प झाले. पुतण्याला वाटलं, लागलं. दुसऱ्या दिवशी 'पाझर'वर नवी चारोळी आली, शीर्षक 'हयातीचा दाखला'. दुपारपर्यंत सिंगापूरहून चार भेटी झाल्या होत्या.