डबा लावणारा

हिंजवडीत नोकरी, कोथरूडला फ्लॅट आणि पार्किंगमध्ये टर्बो पेट्रोल हॅचबॅक असलेला हा गृहस्थ रविवारी सकाळी कुठे सापडेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बॉनेट उघडं, कपाळाला टॉर्च, कंबरेपासून वरचा देह गाडीत. बाकीचे टर्बोवाले एव्हाना ताम्हिणीत पोचून भजी खात असतात. हा जात नाही. याचा ‘कॅच कॅन’ अजून ठरायचाय.

तुम्ही नुसतं “काय, बरं आहे ना?” म्हणालात तरी तो पिस्टनच्या रिंगांपासून सुरुवात करतो. “काका, रिंगा कितीही घट्ट बसल्या तरी थोडा गॅस कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. तेलाचे तुषार, न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, सगळं तिथे कोंडतं. वाट नाही दिली तर ऑइल सीलमधून तेल बाहेर!” हे तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याच्याच छातीत दडपण यावं. मग इतिहास. पूर्वी ही वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. 1961च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत ती पुन्हा इंजिनात नेऊन जाळायची सोय आली. यात त्याच्या आजोबांचा काही हात असावा असं वाटत राहतं.

चीड येते ती याची, की माणूस खोटं बोलत नाही. साध्या इंजिनात मॅनिफोल्डची ओढ ही वाफ खेचून घेते. टर्बोने हवा कोंबली की तिथे ओढीऐवजी दाब तयार होतो. मग एकमार्गी व्हॉल्व्ह मिटतो आणि वाफ दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडाशी जाते. तेलाचा पातळ थर इंटरकूलरमध्ये बसतो. शिवाय याच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि तेलाची काजळी धरतात. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारतात. घरी दिवाळीला अक्रोड आणायचे राहिले. भुग्याचा भाव मात्र त्याला पाठ आहे.

यावर उपाय म्हणजे वाफेतलं तेल वाटेतच धरून ठेवणारा डबा, तोच हा कॅच कॅन. आता वाटा दोन, म्हणून कॅन एक की दोन? या प्रश्नावर तो गणपतीपासून अडकलाय. स्वस्तातला कॅन आणून त्याने कापून पाहिला. आत ना बॅफल, ना जाळी, नुसता पोकळ डबा. मग भोसरीच्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा बनवून घ्यायचं ठरलं. होस पाइप तेलाला टिकणाराच हवा. रेडिएटरचा साधा रबरी पाइप तेलाने फुगून मऊ पडतो. पाइपला मध्ये झोळ नको, त्यात तेल साचतं. जुबली क्लिप कोणत्या मापाची, यावर त्याने मला जिन्यात गाठून जे सांगितलं ते मी इथे देत नाही, संपादक कापतील.

वाफ उघड्यावर सोडणाऱ्या मंडळींशी त्याचं वैर आहे. “फिल्टर लावून बॉनेटखाली सोडतात, काका! केबिनमध्ये वास, बीएस-6चे नियम धाब्यावर, आणि आतली ओढ गेल्यामुळे ओलावा तसाच.” इथे त्याला एकदम कायदा आठवतो. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 आणि वॉरंटी यांची आठवण मात्र फक्त सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री होते. तेव्हा तो कॅन काढून मूळ पाइप बसवतो, गाडी देतो, आणली की पुन्हा कॅन चढवतो.

बायको या वस्तूला ‘डबा’ म्हणते. स्वयंपाकघरातल्या चिमणीतून ओट्यावर तेल ठिबकतंय. “इंजिनाची वाफ धरायला डबे आणतोस, माझ्या फोडणीची कोण धरणार?” तो क्षणभर गंभीर झाला आणि म्हणाला, “आपल्या चिमणीला बॅफल फिल्टर आहे की जाळीचा?” त्या रात्री दोनपर्यंत त्याने चिमण्यांचा अभ्यास केला. चिमणी अजून ठिबकतेच आहे.

शेवटी कॅन बसला. महिन्याने त्याने तो पाण्याच्या बाटलीत उपसून मजल्यामजल्यावर दाखवला. ऐवज नासलेल्या चहासारखा दिसत होता. “हे सगळं इंजिनात गेलं असतं!” थंडीच्या दिवसांत त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, एवढं मी म्हणालो. तेव्हापासून आमच्या मजल्यावर बाटली येत नाही.

पुढे इंजिन शिट्टी वाजवू लागलं, उभ्या जागी थरथरू लागलं. त्याचं निदान तयार होतं: कॅन लहान पडतोय. तेवढ्यात नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चालू इंजिनाचं तेलाचं झाकण जोर लावून उचललं, शिट्टी बंद. “साहेब, कंपनीच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय.” फाटक्या पडद्यातून क्रँककेसमध्ये नको इतकी ओढ लागली होती. नवा व्हॉल्व्ह कॅनपेक्षा स्वस्तात आला, तासाभरात बसलाही. घरी येताना त्याचा चेहरा मात्र पडला होता, कारण त्यात निवडायला काहीच नव्हतं.

तो आता मोठा कॅन घेतोय आणि जुना फुकट द्यायला गिऱ्हाईक शोधतोय. तुमची टर्बो गाडी रोज ऑफिसला जाणारी, रीमॅप न केलेली असेल, तर मूळ व्हॉल्व्ह आणि पाइप तपासून घ्या, योग्य ग्रेडचं तेल वेळेवर बदला. एवढं करूनही त्याचा कॅन घ्यायचाच असेल, तर तो दर महिन्याला कोण उपसणार ते आधी ठरवा. काठोकाठ भरलेल्या कॅनमधलं सगळं परत इंजिनातच जातं.