डिकीतले खेकडे

१९९७ सालचा 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' परवा चौथ्यांदा पाहिला. नॉर्थ कॅरोलिनातली चार पोरं गाडीखाली आलेला माणूस समुद्रात ढकलतात; वर्षभराने चिठ्ठी येते, मागोमाग रेनकोटातला आकडेवाला. (मटक्याचा नव्हे, मासळीचा.) त्याची कामाची हातोटी बघावी! नायिकेच्या डिकीत मढं, त्यावर वळवळते खेकडे. ती मित्रांना बोलावून आणते, तोवर डिकी कोरडी ठणठणीत, एक नांगीसुद्धा मागे नाही. एवढी सफाई आमच्या सोसायटीला दरमहा पैसे मोजून मिळत नाही. आणि मेलेला मुळात मेलाच नव्हता, हे कळल्यावर मी चौथ्यांदाही दचकलो. चहाचा कप मात्र आधीच खाली ठेवला होता.