कामाशी संबंध काय?

‘हा अभ्यासक्रम तुमच्या सध्याच्या कामाशी कसा संबंधित आहे, ते थोडक्यात लिहा.’

अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत नोकरी करणाऱ्यांना तिथेच फुकटात किंवा नाममात्र पैशांत शिकता येतं. त्या सवलतीचा अर्ज तसा सरळ असतो. नाव, विभाग, कोर्सचा क्रमांक, साहेबांची सही. पण बऱ्याच अर्जांत वरचा प्रश्न मधेच दबा धरून बसलेला असतो, आणि एरवी दिवसभर ईमेलांचा रतीब घालणारी माणसं त्याच्यापुढे गप्प होतात. कारण खरं उत्तर ‘काडीचाही संबंध नाही’ हे असतं आणि ते लिहायची सोय नसते.

मग प्रतिभेला धुमारे फुटतात. बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात मी हिशेब विभागात काम करते. आमच्या पार्किंगच्या ऑफिसातल्या एका बाईंनी इटलीच्या प्रबोधनकाळातली चित्रकला घेतली आणि कारण दिलं, ‘दंडाची पावती हातात पडल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर उमटणारे भाव समजून घेण्यासाठी.’ अर्ज मंजूर. कुलुपं-किल्ल्या सांभाळणाऱ्या गृहस्थांनी फ्रेंच घेतलं. रात्री-अपरात्री खोलीबाहेर अडकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांशी बोलायला बरं, असं त्यांनी लिहिलं. आजवर एकही फ्रेंच विद्यार्थी किल्ली आत विसरलेला नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे. मी भूगर्भशास्त्र घेतलं. प्राध्यापकांच्या प्रवासखर्चाची बिलं माझ्याकडे येतात आणि त्यांत दगड शोधत हिंडणाऱ्यांची बिलं सगळ्यांत अजब. ‘क्षेत्रभेटींच्या खर्चाचं स्वरूप नीट कळावं म्हणून’ असं मी लिहून दिलं. हातोडा कार्यालयीन साहित्यात धरायचा की उपकरणांत, यावर आमच्याकडे एकदा रीतसर मीटिंग झाली होती, तेव्हा माझं कारण अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

या चौकशीचा विद्यापीठाला दोष देऊन उपयोग नाही. तिची पाळंमुळं करकायद्यात आहेत. पदवीपूर्व पातळीचा कोर्स आपल्याच विद्यापीठात केला, तर माफ झालेल्या फीवर सहसा कर लागत नाही. पदव्युत्तर कोर्स घेतला, की वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत माफी. त्यापुढची रक्कम तुम्हाला पगारातच मिळाली असं धरतात आणि तिच्यावर कर कापतात. अपवाद एकच, तो कोर्स तुमच्या कामाशी थेट निगडित असला पाहिजे. त्यामुळे एम.ए.ला बसलेल्या माणसाचा पगार कागदावर वाढतो आणि हातात कमी येतो. ही माफी 1978 साली आली ती तात्पुरती म्हणून. मग मुदत संपायची, पुन्हा वाढायची, मधे काही वर्षं पदव्युत्तरवाले बाहेरच राहिले. तात्पुरत्याचं कायम व्हायला 2013 चा जानेवारी उजाडला. 5,250 हा आकडाही 1986 पासून जागचा हलला नाही. महागाईप्रमाणे तो वाढावा, हे 2025 च्या कायद्याने आता कुठे मान्य केलं आहे. इतकं चिकाटीचं हंगामीपण आपल्याकडे फक्त सरकारी कार्यालयांच्या पत्र्याच्या शेडांना साधलं आहे.

करातून सुटलं तरी अटी असतातच. नोकरीला अमुक महिने झालेले हवेत. वर्ग शक्यतो कामाच्या वेळेत नको. अमुक ग्रेड मिळाली नाही तर फी तुमची तुम्ही भरा. काही ठिकाणी फी भरणारे विद्यार्थी बसून झाल्यावर जागा उरली तरच तुमचा नंबर. लग्नात घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसावं तसं हे आहे, आणि त्यात गैर काही नाही. गंमत एवढीच, की शेवटच्या पंगतीला जिलबी संपलेली असते आणि मठ्ठा भरपूर असतो. ज्या कोर्सवर उड्या पडतात ते आमच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या नोकरवर्गात मध्ययुगीन हस्तलिखितं, शेवाळ्यांचं वर्गीकरण आणि जुनी नॉर्स भाषा जाणणारे लोक तुम्हाला अनपेक्षित संख्येने भेटतात.

संध्याकाळी सहाचा वर्ग ही बघण्यासारखी चीज आहे. पुढच्या बाकावर आम्ही नोकरदार, मागे विशीतली पोरं. आमच्याकडे वह्या, त्यांच्याकडे लॅपटॉप. आम्ही पाच मिनिटं आधी येतो, ती पाच मिनिटं उशिरा. सकाळी माझ्या खिडकीशी ‘स्टायपेंड का अडकलाय?’ म्हणून हुज्जत घालून गेलेला मुलगा संध्याकाळी शेजारी बसून मला खनिजांचा कठीणपणा नखाने कसा तपासायचा ते दाखवतो. सकाळी त्याच्या आवाजात तक्रार असते, संध्याकाळी माया असते. त्याची आई साधारण माझ्याच वयाची असणार आणि तिला हे दाखवायची संधी त्याला कधी मिळाली नसणार, असा माझा अंदाज आहे.

प्राध्यापकांचं प्रकरण त्याहून नाजूक. आमच्या सरांची बिलं वर्षानुवर्षं मी परत पाठवत आले आहे. ‘पावती कुठे?’ एवढाच शेरा मारून. टॅक्सीची पावती हरवली, मोटेलची भिजली, एका बिलाला त्यांनी पावतीऐवजी दगडाचा फोटो जोडला होता. आता माझे प्रयोगशाळेचे अहवाल त्यांच्याकडे जातात. पहिला परत आला तेव्हा समासात लाल शाईत दोनच शब्द होते, ‘पुरावा कुठे?’ आमचं दोघांचं शास्त्र मुळात एकच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या सत्रात त्यांचं एकही बिल पावतीशिवाय आलं नाही आणि माझं एकही विधान निरीक्षणाशिवाय गेलं नाही.

या सगळ्याचा कामाशी खरा संबंध मला एका दगडाने दाखवला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सरांनी नमुन्यांचा ट्रे फिरवला. त्यात मुठीएवढा एक काळा दगड होता, अंगभर पांढरे ठिपके असलेला, आणि खाली चिठ्ठी: ‘बेसॉल्ट, दख्खन, भारत.’ मी नाशिककडची. असले दगड मी दगड म्हणूनही कधी पाहिले नव्हते. विहीर खणली की ढिगाऱ्यात पांढऱ्या गारगोट्या निघायच्या, त्या आम्ही फ्रॉकच्या खिशात भरायचो. आजीचा पाटा याच काळ्या दगडाचा. तो गुळगुळीत झाला की टाकी लावायला दारावर माणसं यायची, आणि त्यानंतरच्या पहिल्या चटणीत हमखास कचकच लागायची. सर सांगत होते, की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा भेगांतून थरांवर थर वाहत आला. वायूचे बुडबुडे निघून गेले, त्यांच्या पोकळ्या उरल्या आणि पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी त्या भरल्या. ते हे पांढरे ठिपके. सह्याद्रीच्या अंगावरच्या पायऱ्या म्हणजे ते थर. अजिंठा-वेरूळ कोरलं ते यातच. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला, म्हणून मी जाणकार चेहरा केला. मनात मात्र चटणीतली कचकच किती कोटी वर्षांची होती, याचा हिशेब चालला होता.

आजीच्या पाट्याचा दगडही मला वर्गात येऊन कळला. ऑफिसात मात्र मला सगळं येतं. कुठला फॉर्म, कुठली तारीख, कुणाची सही. त्याचाच मला पगार मिळतो, आणि एखाद्याने विचारलेलं आलं नाही तर तो माझ्या कामातला उणेपणा ठरतो. पन्नाशीच्या माणसाला ‘मला माहीत नाही’ असं चारचौघांत म्हणायची मुभा फारशी कुठे नसते. घरी नसते, नोकरीत तर नसतेच. आठवड्यातून तीन तास ती मिळते, हा या सवलतीचा खरा लाभ. माहितीपुस्तकात तिच्या नावापुढे ‘कौशल्यवृद्धी’ आणि ‘करिअरविकास’ छापलेलं असतं, ते छापणाऱ्यांनाही ठाऊक आहे की पार्किंगच्या बाईंना बोत्तिचेल्लीमुळे बढती मिळणार नाही.

या गावातल्या लोकांच्या शिक्षणासाठी काही करावं, हे ज्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, त्याचा अंत मुंबईत झाला हे मला इथे आल्यावर पुष्कळ उशिरा कळलं. जॉन लोवेल धाकटे, बॉस्टनच्या श्रीमंत घराण्यातले. बायको आणि दोन्ही मुली पाठोपाठ गेल्या, तेव्हा घर सोडून हे प्रवासाला निघाले. 1835 मध्ये इजिप्तमध्ये, लक्झरच्या अवशेषांत मुक्काम असताना त्यांनी मृत्युपत्र पक्कं केलं. निम्मी संपत्ती सार्वजनिक व्याख्यानांसाठी ठेवली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत त्यांनी देह ठेवला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या पैशातून बॉस्टनमध्ये व्याख्यानं सुरू झाली. येलचे बेंजामिन सिलिमन पहिल्या हिवाळ्यात भूगर्भशास्त्रावर बोलले आणि लोकांना ते इतके आवडले, की पुढच्या हंगामात रसायनशास्त्राची तिकिटं घ्यायला उसळलेल्या गर्दीने ज्या पुस्तकाच्या दुकानात ती वाटत होते त्याच्या खिडक्या फोडल्या.

लोवेल यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती. पुढच्या पातळीच्या अभ्यासवर्गांना फी लावली, तर ती दोन बुशेल गव्हाच्या किमतीहून जास्त नसावी. त्यांच्याच कुळातले ए. लॉरेन्स लोवेल हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि 1910 मध्ये त्यांनी संध्याकाळचे वर्ग काढले. आजच्या हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलच्या चिन्हात त्या दोन बुशेलांना आणि रात्रीच्या अभ्यासाच्या दिव्याला जागा आहे. हार्वर्डच्या नोकरवर्गाला तिथला कोर्स कित्येक वर्षं 40 डॉलरला मिळत असे, इतरांना हजारांच्या घरात. दोन बुशेल म्हणजे साधारण 54 किलो, आपल्या मापाने अर्ध्या क्विंटलाहून थोडे वर. शिकागोच्या बाजारात अलीकडे बुशेलला पाच-सहा डॉलरचा भाव असतो, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे फी झाली दहा-बारा डॉलर. बॉस्टनमध्ये एका संध्याकाळचं पार्किंग त्यात बसत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा काही कालची नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हार्वर्डच्या संध्याकाळच्या वर्गांच्या कितीतरी आधी. 1989 मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ झालं, आणि कंडक्टर, शिपाई, अंगणवाडीताई असे कितीतरी जण रविवारी वर्गात बसू लागले. त्याआधी ‘बाहेरून बी.ए.’ करणाऱ्यांची पिढी होती. सरकारी नोकर असेल तर आधी ना-हरकत प्रमाणपत्रासाठी साहेबांपुढे उभं राहायचं, आणि साहेब स्वतः फक्त मॅट्रिक असले तर अर्ज त्यांच्या टेबलावर जरा जास्त दिवस मुरायचा. हरकत नाही एवढं लेखी मिळणं हीच तेव्हा मोठी मदत होती.

इथे अमेरिकेत अशाच एका उदाहरणाची बातमी 2012 मध्ये सगळीकडे झळकली होती. कोलंबिया विद्यापीठातला एक सफाई कामगार, युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा देश सोडून आलेला, बारा वर्षं दिवसा वर्ग आणि संध्याकाळी साफसफाई करत अभिजात भाषा-साहित्याचा पदवीधर झाला, तोही मानांकनासह, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्याचा आवडता. पत्रकारांनी ‘आता पुढे काय?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं. लॅटिनचा कचऱ्याच्या पेट्यांशी संबंध काय, हेच त्यांना वेगळ्या शब्दांत विचारायचं होतं.

आमच्या कुलूपवाल्या गृहस्थांचीही यंदा पदवी झाली. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी ते थांबून होते, कारण नोकरी सुटली की सवलतही सुटते. ‘कधी निवृत्त होताय?’ असं त्यांच्या साहेबांनी विचारलं, की ते ‘फ्रेंचचे दोन कोर्स राहिलेत’ असं सांगायचे. शेवटी दोन्ही संपले आणि नवाच पेच उभा राहिला. पदवीदानाच्या दिवशी देखभाल विभागात कुणालाच रजा मिळत नाही. वर्षातला सगळ्यांत कामाचा दिवस, हजारो खुर्च्या, शेकडो दरवाजे. यांनी अर्ज दिला, कारण लिहिलं: पदवी घ्यायची आहे. साहेब पेचात पडले. नियमात आजारपण होतं, घरातला मृत्यू होता, ज्यूरीचं बोलावणंसुद्धा होतं, पदवी नव्हती.

तोडगा निघाला तो असा, की त्यांनी पहाटे चारला येऊन मैदानाची सगळी फाटकं उघडायची, सातला किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याकडे सोपवायचा आणि झगा चढवायचा. त्याप्रमाणे सगळं पार पडलं. नाव पुकारलं तेव्हा देखभाल विभागाच्या लोकांनी हातातल्या खुर्च्या खाली ठेवून शिट्ट्या मारल्या. आणि सोमवारी, त्या दिवशीच्या पहाटे चार ते सात या वेळेचा ओव्हरटाइम त्यांनी न विसरता लावला, वेळेच्या नोंदीसकट. तो मी त्याच दिवशी मंजूर केला.