वाचलंत का?

पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंत काकांच्या लेखी ते वाचून संपत नाही. शेवटचं पान मिटलं की ते चपला अडकवतात आणि खाली उतरतात. ठाण्यातल्या आमच्या गल्लीतून त्या वेळी जो कोणी दूध, भाजी किंवा नातवाला घेऊन चाललेला असेल, त्याला थांबवून विचारतात, "वाचलंत का?" काय, ते मागाहून कळतं. ज्या गावात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, तिथल्या माणसाला पुस्तकं सुचवण्याचा हक्क वारशानेच मिळतो, असं त्यांचं म्हणणं. (काका मूळचे कऱ्हाडचे. पण ते असो.)

त्यांची पद्धत साधी आहे. समोरच्याची अडचण निम्मी ऐकायची आणि पुस्तकाचं नाव सांगायचं. शेजारच्या मुलाची हिमालयात रस्ते बांधणाऱ्या खात्यात नेमणूक झाली, तेव्हा काकांनी त्याला प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' दिलं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या इंजिनियरचीच कादंबरी! पोराने तिकडून फोन करून आभार मानले. तेव्हापासून काकांना आवर घालणं कुणालाच जमलेलं नाही. गुडघा बदलून घरी आलेल्या गृहस्थांना त्यांनी गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' नेऊन दिली. म्हणजे नर्मदेची परिक्रमा, तीही पायी. "तुम्हाला कुठे चालायचंय? तो चालतोय," अशी वर समजूत. बायपास झालेल्यांना 'मृत्युंजय'. "नावच किती शुभ आहे बघा!" कर्णाचं शेवटी काय होतं याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. शेवट फोडायचा नाही, हा त्यांचा नियमच आहे.

याच नियमापायी त्यांनी एका लग्नात 'रणांगण' आहेर केलं. विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तीवर एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू मुलगी. पुढचं मीही सांगत नाही, पण बोहल्यावरून उतरलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात वाचावं असं ते नाही. काकांनी आतल्या पानावर 'सहजीवनास शुभेच्छा' असं लिहिलं होतं. काकूंनी त्याच कागदात खाली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' बांधून दिलं, म्हणून निभावलं.

"वाचलंत का?" ला "नाही" म्हटलं की काकांचा चेहरा उजळतो. "अरे अरे अरे!" म्हणतात, पण त्या हळहळीत आनंद लपत नाही. "हो" म्हणणारा त्यांना आवडत नाही. "एकदाच ना?" असं विचारून ते त्याला पुन्हा न वाचलेल्यांत जमा करतात. "सिनेमा पाहिलाय," म्हणणाऱ्याशी मात्र ते त्या दिवसापुरते बोलत नाहीत. 'कोसला'च्या बाबतीत त्यांनी माणसांचे दोन तट पाडले आहेत, पंचविशीच्या आत वाचलेले आणि उरलेले. "नेमाड्यांनी पंचविशीत लिहिली 1963 साली, तुम्हाला त्या वयात नुसती वाचता आली नाही?" असं ते निवृत्त बँक मॅनेजरांना विचारतात. मॅनेजर बिचारे पंचविशीतल्या नोकरीचं, बदल्यांचं, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं सांगू लागतात, तोवर काका दुसऱ्याकडे वळलेले असतात.

सर्वांत जोरदार शिफारस नेहमी न मिळणाऱ्या पुस्तकाची. "अप्पा बळवंत चौक पालथा घाला, मिळायचं नाही," हे सांगताना आवाजात असा काही गोडवा येतो की ऐकत राहावं. त्यांच्याकडे प्रत असते, खाकी कव्हर घातलेली. ती ते दाखवतात. हातात देत नाहीत.

पण काकांना खरं ओळखायचं तर वाचनालयातल्या पुस्तकांची शेवटची कोरी पानं पाहावीत. आमच्या छोट्या वाचनालयात वाचकांचं एकमेकांशी जे काही बोलणं होतं, ते तिथेच. एका ऐतिहासिक कादंबरीच्या मागे काकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अप्रतिम. प्रत्येकाने वाचावे.' खाली कुणीतरी निळ्या बॉलपेनने, 'प्रत्येकाने म्हणजे कोणी?' त्याखाली पेन्सिल, 'ज्याला अक्कल आहे त्याने.' मग बारीक, नेटक्या अक्षरात, 'ग्रंथालयाच्या पुस्तकांवर लिहू नये.' आणि त्याखाली हिरव्या शाईत, 'आपणही लिहिलेच आहे.' मी ती कादंबरी केवळ या पानासाठी दोनदा घरी नेली. तिची पहिली चारशे पानं एवढी रंगत नाहीत.

रहस्यकथांच्या कपाटात प्रकरण हातघाईवर येतं. तिथे एक अज्ञात इसम बाराव्या पानावरच एखाद्या पात्राच्या नावाभोवती गोल काढून 'हाच खुनी' असं लिहून ठेवतो. काका प्रत्येक ठिकाणी शेजारी लिहितात, 'विश्वास ठेवू नका, वाचत राहा.' आता सगळ्या सभासदांना ठाऊक झालंय, की काकांनी धीर दिला असेल तिथे खुनी तोच.

शेवटी समितीने दंडाची पाटी लावली. काका नियम पाळणारे, त्यांनी पेन्सिल खिशात घातली आणि पुस्तकांत चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली. 'हे आवडल्यास बनगरवाडी वाचा.' 'हे न आवडल्यास बनगरवाडी जरूर वाचा.' काउंटरवरच्या मॅडम परत आलेलं प्रत्येक पुस्तक झटकून घेतात आणि पडलेल्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये टाकतात. एखादा सभासद, "काहीतरी चांगलं द्या ना हो," म्हणाला, की ड्रॉवर उघडून हाताला येईल ती चिठ्ठी काढतात आणि ते पुस्तक देतात. सभासद खूश होऊन परत येतात. "तुम्हाला बरं कळतं हो आम्हाला काय आवडतं," असं मॅडमना सांगतात. काका रस्त्यात अडवतात तेव्हा त्याच लेखकांना हेच लोक नाकं मुरडतात.

एका पावसाळी संध्याकाळी काकांचंच वाचायचं संपलं. "काहीतरी सुचवा," ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी सवयीने ड्रॉवरमध्ये हात घातला. काकांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून दोनदा वाचली. "माणूस दर्दी दिसतो," म्हणाले. "कुठे राहतो?"

एवढं करून वाचलेल्या पुस्तकावर कुणी त्यांच्याशी बोलायला गेलं, की काकांचं लक्ष नसतं. मी 'स्मृतिचित्रे' संपवून मोठ्या उत्साहाने त्यांच्या घरी गेलो होतो. लक्ष्मीबाई टिळकांबद्दल दोन वाक्यं झाली असतील नसतील, काका म्हणाले, "ते झालं. आता 'माझा प्रवास' घ्या, गोडसे भटजींचं." आणि ते आत गेले, खाकी कव्हर शोधायला. उरलेलं मी काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्न विचारले, आणि टिळकांच्या घरातल्या कुठल्या प्रसंगाला मी हसलो असेन ते बरोबर ओळखलं. काकू कधीच काही सुचवत नाहीत. म्हणून त्यांच्या टेबलावर जे पालथं पडलेलं दिसतं, ते मी निमूटपणे वाचतो.

तुमच्या वाचनालयातही असे एक काका असतीलच. त्यांना "वाचलंय" म्हणू नका, उगाच परीक्षा द्यावी लागते. नाव लिहून घ्या, मान डोलवा आणि पुढे चला. त्यातलं एखादं पुस्तक खरंच वाचा. 'रणांगण' तर वाचाच, फक्त लग्नाच्या आठवड्यात नको.