आधी स्थळ बघू

भाईंदरजवळच्या राई गावात वहिनींनी मसाल्याचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा गल्ल्याच्याही आधी बोर्डाची घाई झाली. भाच्याने मोबाइलवर लाल-पिवळं डिझाइन करून ठेवलं होतं. ते बोर्डवाल्या काकांसमोर धरलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "भिंत कुठंय?"

"फोटो पाठवलाय ना काका!"

"फोटोत वारा येतो का रे? आधी स्थळ बघू."

हे त्यांचं पालुपद. दर विचारा, रंग विचारा, दिवस किती लागतील विचारा, उत्तर हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका पिशवी घेऊन हजर. टेप, ओळंबा, खडू, पाणी भरून लेव्हल धरायची नळी आणि कोपरे दुमडलेली वही. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत, कान लावून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले. डॉक्टर पाठ तपासतात तसं. एका जागी 'ठक'चं 'ढब' झालं. तिथे खडूने फुली. "गिलावा सुटलाय. इथं बोल्ट मारला तर बोर्डाबरोबर भिंत पण खाली येईल." मग खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवलं आणि ते तांबडं बोट वहिनींसमोर धरलं. "खाडीचा वारा, वर मिठागरं. साधा बोल्ट इथं टिकत नाय. स्टेनलेसचाच घ्यायचा." ग्रिल पुसायचं राहिलं म्हणून वहिनी उगाच वरमल्या.

इथवर ठीक होतं. पण नंतर काका भाईंदर स्टेशनला गेले, उत्तनच्या बसमध्ये खिडकीशी बसले, आमच्या दारावरून सरळ पुढे गेले आणि उलट्या बसने परत आले. तिकिटं बिलात लावली नाहीत, हे सांगायला हवं. "बसमधला माणूस मान वळवत नाय. भिंतीला चिकटलेला बोर्ड त्याला दिसायच्या आत दुकान मागे पडतं. एक दुतोंडी बोर्ड रस्त्याच्या बाजूला बाहेर काढू." अक्षराचा हिशोब त्यांना तोंडपाठ: दहा फुटांना एक इंच. चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंच.

मग पुन्हा टेप. शटर आणि छज्जा यांच्यामधली जागा त्यांनी तीनदा मोजली. "'घरगुती आगरी मसाले' लिहायचंय ना? वर वेलांटी, मात्रा. खाली 'गु'चा उकार. इंग्रजीच्या पट्टीत मराठी कोंबली की उकार कापला जातो." २५ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा दुकानदार रांगेने त्यांच्याकडे आले. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नव्हतं. त्या गर्दीतही काका एकेका दुकानासमोर शिडी लावून उकार मोजत होते. निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

गेलेल्यांचे किस्से मात्र ते चवीने सांगतात. एकाने फोटोवरून बोर्ड करून घेतला आणि रात्री शटर ओढून ठोकला. सकाळी मुहूर्ताला भटजी, नारळ, फुगे, सगळं तयार. शटर वीतभर उचललं आणि अडकलं. बोल्ट थेट शटरच्या पेटीत घुसले होते. सत्यनारायण फुटपाथवर झाला. दुसऱ्याने फेब्रुवारीत, बदामाचं झाड बोडकं असताना बोर्ड लावला. एप्रिलमध्ये 'केक आणि पेस्ट्री'मधला नुसता 'णि' उरला.

घाटकोपरचं नाव निघालं की मात्र काका चवीने बोलत नाहीत. १३ मे २०२४ला वादळात तिथलं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, उभं केलेलं त्याहून कितीतरी मोठं. काका एवढंच म्हणतात, "पाया कुणी बघितला?" आणि टेप गुंडाळायला लागतात.

आमचा बोर्ड लागायला सतरा दिवस लागले. भाचा रोज चिडायचा. पहिल्या मोठ्या पावसात रात्री साडेदहाला दार वाजलं. छत्री आणि बॅटरी घेऊन काका. आत न येता त्यांनी बोर्डाखालची भिंत चाचपली, "कोरडी हाय," म्हणाले आणि निघाले. वहिनींनी चहा घ्यायला हाक मारली, तोवर ते वळणावर पोचले होते.

परवा काकूंनी वहिनींना वेगळीच गंमत सांगितली. लेकीसाठी मुलगा बघायला मंडळी उत्तनला गेली. आत बोलणी चाललेली आणि काका गायब. शोधलं तर ओट्याचा खांब ठोकत उभे. आत आले, बशीत चहा ओतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खांबाचं लोखंड उघडं पडलंय. पण माणसं बरी हायत."

लग्न ठरलं. साखरपुड्याच्या आधी काकांनी स्वतः जाऊन तो खांब नीट करून घेतला. त्यावर व्याह्यांच्या नावाची पाटीही लावून आले. बोल्ट स्टेनलेसचे.